हॅकिंटॉश लॅपटॉप तापतोय: पेस्ट बदलावी, ईएफआय दुरुस्त करावं की व्होल्टेज उतरवावं?

इंटेलच्या साध्या लॅपटॉपवर ॲपलचं मॅकओएस चालतं (यालाच हॅकिंटॉश म्हणतात), पण पंखा सतत घोंघावतो आणि जरा काम वाढलं की वेग कोसळतो. खर्च करण्याआधी तोच लॅपटॉप पेनड्राइव्हवरून लिनक्सवर सुरू करा आणि तेवढाच भार द्या. तिथेही तापमान शंभर अंशांना टेकलं, तर दोष हार्डवेअरचा. तिथे सगळं शांत असेल, तर ईएफआय, म्हणजे मॅकओएस सुरू करून देणाऱ्या फाइलींचं फोल्डर, तपासा. आणि प्रोसेसर गार असूनही ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास अडकला असेल, तर आधी चार्जर बदलून पाहा. चार्जर ओळखता आला नाही की काही लॅपटॉप मुद्दाम वेग पाडतात.

प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट बदलणं आणि पंख्यातली धूळ काढणं हा स्वस्त उपाय. लॅपटॉप काही वर्षं उघडलाच नसेल, तर मी इथूनच सुरुवात करेन. फायदा प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला मिळतो, आणि इंटेल मॅकसाठी मॅकओएस टाहो ही शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केल्यानंतर ही गोष्ट जास्तच मोलाची झाली आहे. उद्या लिनक्सवर गेलात तरी पेस्ट उपयोगी पडेल, ईएफआयवरची मेहनत नाही.

तरीही हॅकिंटॉशमधली बरीचशी उष्णता पेस्टमुळे नसते. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मॅकओएसला ते वापरता येत नाही, पण ते वीज खात राहतं. एसएसडीटी (मॅकओएसला हार्डवेअरचं वर्णन देणारी छोटी फाइल) घालून ते बंद करणं हे पहिलं काम. दुसरं एसएमबायोस, म्हणजे हा लॅपटॉप कोणता मॅक आहे असं मॅकओएसला सांगणारी ओळख. निवडलेल्या मॅक मॉडेलवरून मॅकओएस प्रोसेसरच्या वेगाचं नियोजन करतं, त्यामुळे १५ वॉटच्या प्रोसेसरला ४५ वॉटच्या मॅकबुक प्रोची ओळख दिली तर ते बिनसतं. आपल्या चिपच्या जवळचं मॉडेल घ्या, उरलेलं सीपीयूफ्रेंड या एक्स्टेन्शनने जुळवा. बिग सर किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर एसएसडीटी-प्लग (वेगाचं हे नियोजन सुरू करणारी फाइल) आहे ना, तेही बघा. वेळ जातो, पण स्क्रू काढावा लागत नाही.

व्होल्टेजशिफ्ट हे साधन वापरून प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवलं की तोच वेग कमी उष्णतेत मिळतो. मात्र २०१९ च्या प्लंडरव्होल्ट या सुरक्षा त्रुटीनंतर अनेक कंपन्यांनी बायोस अपडेटमधून ही सोय बंद केली. ती परत मिळवायला जुना बायोस टाकू नका, त्यासोबत सुरक्षेच्या इतर दुरुस्त्याही जातात. सोय खुली असेल तर आधी ५० मिलिव्होल्ट उतरवा, मग हळूहळू आणखी खाली जा, आणि स्थिर असल्याची खात्री होईपर्यंत सेटिंग कायमची करू नका.

प्रोसेसरला वेग कमी करायला सांगणारा प्रॉचॉट संकेत बंद करण्याचा सल्ला मिळेल. संकेत का येतोय हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नका.