लांबचा प्रवास समजून घ्यायचाय: पर्यटनाचा सर्व्हे घ्यावा की भेटींचे आकडे?

भाचीचं एमएचं प्रोजेक्ट चाललंय, इंदूर संभागातली (म्हणजे विभागातली) माणसं लांब कुठे, कशाने आणि कशासाठी जातात. तिने आधी पर्यटकभेटींचे सरकारी आकडे उचलले, २०२४ मध्ये अख्ख्या मध्य प्रदेशात १३.४१ कोटी आणि त्यातले एकट्या उज्जैनचे ७.३२ कोटी. "मामा, बघ ना, सगळे महाकाललाच चाललेत!" मी म्हटलं अगं, आपण सकाळी निघून दर्शन घेऊन जेवायला घरी परत येतो, इंदूरहून जेमतेम ५५ किलोमीटर, आपल्यासारखे किती धरलेत हे या आकड्यातून कळतं का? नाही कळत. शिवाय हा आकडा भेटींचा आहे, माणसांचा नाही, एकच कुटुंब उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर फिरलं की तीनदा मोजलं जातं.

दुसरा पर्याय एनएसएसओचा, म्हणजे केंद्र सरकारच्या नमुना सर्वेक्षण कार्यालयाचा, घरोघरी जाऊन केलेला पर्यटन सर्व्हे, २००८-०९ चा ६५वा राउंड (फेरी) आणि २०१४-१५ चा ७२वा. इथे हिशेब ट्रिपचा, म्हणजे घरातून निघून घरी परत येईपर्यंत सगळं एक. कोण गेलं, कशाने, किती रात्री, खर्च किती, सगळं विचारलेलं आहे.

आता आमच्याच घरचं बघा. दिवाळीत पुण्याची आत्या आठ जणांसकट आमच्याकडे लोकमान्य नगरात आली, हॉलमध्ये गाद्या टाकल्या, रोज सकाळी पोहे-जिलेबी, हॉटेलचं बिल शून्य. भेटींच्या आकड्यांची पद्धत मुळात मुक्कामाच्या जागांकडून येणाऱ्या नोंदींवर उभी आहे, त्यात ही आठ माणसं सापडणार कशी? सर्व्हेवाला आत्याच्या दारात गेला की मात्र सापडतात. आणि हे काही आमच्या एकट्याचं नाही, त्या सर्व्हेत मुक्कामी ट्रिपांचं सगळ्यात मोठं कारण नातेवाईक, लग्नकार्य हेच निघालं, आणि सगळ्यात जास्त प्रवास बसने. हॉटेलं मोजत बसलं तर आपल्याकडचा लांबचा प्रवास अर्धाही दिसत नाही असं माझं पक्कं मत झालंय.

पण सर्व्हे घेणार असाल तर एक गोष्ट नीट सांभाळा. ७२व्या राउंडमध्ये फिरायला, औषधोपचाराला किंवा खरेदीला केलेली मुक्कामी ट्रिप असेल तर मागचे ३६५ दिवस विचारलेत, आणि नातेवाईक, देवदर्शन, धंदा वगैरेसाठी फक्त मागचे ३० दिवस. म्हणजे आत्याकडे जानेवारीत कोणी विचारायला गेलं तर तिची दिवाळीची इंदूर ट्रिप येणार नाही, उन्हाळ्यातली गोव्याची येईल. सर्व्हे वर्षभर चालतो म्हणून देशाचं चित्र बरोबर येतं, पण हे दोन कॉलम सरळ बेरीज करून टाकले की सगळं चुकतं, भाचीने पहिल्यांदा तेच केलं होतं. वेट, म्हणजे नमुन्यातलं एक घर किती घरांच्या जागी धरायचं तो आकडा, लावायलाही विसरू नका.

अंतराचंही तसंच, "राज्याबाहेर" म्हणजे लांब असं धरू नका, इंदूरहून दाहोद दुसऱ्या राज्यात पण २०० किलोमीटरच्या आसपास, आणि रीवा आपल्याच राज्यात पण ६०० च्या वर. एका जिल्ह्यापुरतं उत्तर मागितलंत तर नमुना अपुरा पडतो, राज्यापर्यंत ठीक.

म्हणून कोण, का आणि कशाने जातं हे हवं असेल तर सर्व्हेच घ्या, जुना असला तरी, घराघरांचा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या पोर्टलवर फुकट मिळतो. कुठल्या ठिकाणी गर्दी किती वाढली, उज्जैनच्या मंदिराभोवतीचा 'महाकाल लोक' हा नवा परिसर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर काय झालं, एवढंच बघायचं असेल तर भेटींचे आकडे पुरतात.

एक मोठा वर्ग मात्र दोन्हीकडे निसटतो आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. झाबुआ-अलीराजपूरहून पोराबाळांसकट, भांडीकुंडी बांधून गुजरातेत मजुरीला जाणारी माणसं. जिथे जायचं तिथेच मजुरी कमवायची असेल तर व्याख्येने ते पर्यटन नाही, आणि हॉटेलात तर ते उतरतच नाहीत. आमच्या संभागातला लांबचा प्रवास यांच्याशिवाय लिहायचा कसा? भाचीने त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण ठेवलंय, पुढच्या रविवारी गंगवाल स्टँडवर झाबुआच्या बशींपाशी उभं राहून स्वतः विचारणार आहे, मी तिच्यासोबत जातोय.