आईवडिलांसाठी काय सोयीचे: दरमहा रक्कम की त्यांच्या नावे ठेव?

निवृत्तिवेतन नसलेल्या आईवडिलांना आर्थिक आधार द्यावा की नाही, हा प्रश्न कायद्याने केव्हाच निकाली काढला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या अधिनियमानुसार, स्वतःच्या मिळकतीवर निर्वाह न होणारे आईवडील प्रांत कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात आणि मुलाला किंवा मुलीला दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा आदेश होऊ शकतो. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितले होते. तरीही ‘लेकीचे पैसे कसे घ्यायचे’ असा संकोच अनेक घरांत आजही आहे आणि त्या संकोचाचा भार एकट्या मुलावर पडतो. उरतो तो प्रश्न आधार कोणत्या रूपात द्यावा याचा. ज्यांची नोकरी शहरात आहे आणि ज्यांच्या आईवडिलांचे दुकान किंवा शेती आता थांबली आहे, त्यांच्यासमोर साधारणपणे दोन वाटा असतात.

पहिली वाट दरमहा ठरावीक रक्कम पाठवण्याची. तिला भांडवल लागत नाही, महागाईनुसार रक्कम वाढवता येते आणि भावंडांना वाटा उचलणे सोपे जाते. दोष असा की तिचा सगळा आधार पाठवणाऱ्याच्या पगारावर असतो. नोकरी गेली किंवा गृहकर्जाचा हप्ता वाढला, की पहिली कात्री याच रकमेला लागते. शिवाय औषधे वाढली किंवा नातेवाइकांकडे लग्न निघाले, की वडिलांना फोन करून जास्तीचे मागावे लागतात, आणि आयुष्यभर स्वतःच्या कमाईवर घर चालवलेला माणूस अशा वेळी मागण्यापेक्षा औषधाची गोळी अर्धी करणे पसंत करतो.

दुसरी वाट म्हणजे एकरकमी पैसे आईवडिलांना भेट देऊन त्यांनी ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतवणे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला टपाल कार्यालयात किंवा बँकेत हे खाते उघडता येते. कमाल मर्यादा ३० लाख रुपये, मुदत ५ वर्षे, व्याज दर तिमाहीला. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला. त्या दराने १० लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये, म्हणजे महिन्याला पावणेसात हजारांहून थोडे अधिक हाती येतात. मुलांकडून मिळालेल्या भेटीवर आईवडिलांना प्राप्तिकर लागत नाही आणि त्या पैशांवरील व्याज मुलाच्या उत्पन्नात मिळवलेही जात नाही. हीच ठेव स्वतःच्या नावे ठेवून व्याज पाठवल्यास मात्र त्यावर मुलाच्या दराने कर बसतो. मर्यादा दोन आहेत: खाते उघडताना लागू असलेला दर मुदतभर तोच राहत असल्याने महागाईची भरपाई होत नाही, आणि मुदतीपूर्वी पैसे काढल्यास कपात सोसावी लागते.

आजारपणाचा मोठा खर्च या दोन्हींपैकी कशातूनही भागत नाही. आरोग्यविम्याचा हप्ता वेगळा आणि थेट मुलांनी भरावा, तोही लवकर, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल ३ वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ पालकांच्या हप्त्यावर ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावेच. २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता ५ लाखांचे संरक्षण त्यातून मिळते.

माझे मत ठेवीच्या बाजूने झुकते, कारण व्याज जमा होताना कोणाकडे काही मागावे लागत नाही. मात्र त्यासाठी स्वतःची आपत्कालीन शिल्लक मोडू नये किंवा कर्जही काढू नये. एवढी रक्कम हाताशी नसेल तर दरमहा पैसे पाठवत राहावे आणि वार्षिक बोनसमधून थोडी थोडी ठेव उभी करावी. हा मध्यम मार्ग बहुतेक पगारदारांना झेपतो. आईची साठ वर्षे पूर्ण झाली असतील तर खाते तिच्या नावे आणि वडील संयुक्त धारक, अशी रचना मला अधिक योग्य वाटते, कारण घरचा पैसा बहुधा वडिलांच्याच हातून फिरलेला असतो आणि वैधव्यानंतर आईला बँकेची पायरी नवखी असते. तिची साठ वर्षे व्हायची असल्यास वडील प्रथम धारक आणि आई संयुक्त धारक, असे करता येते.

एक बाब मात्र आधीच बोलून घ्यावी. भेट दिलेले पैसे कायद्याने आईवडिलांचे होतात. नामनिर्देशित व्यक्ती ते केवळ वारसांच्या वतीने स्वीकारते आणि मृत्युपत्र नसेल तर ज्या भावंडाने एक रुपयाही घातला नाही त्यालाही वाटा मिळतो. हे ज्याला मान्य आहे त्याने निश्चिंतपणे ठेव करावी. ज्याला खुपते त्याने आईवडिलांशी मृत्युपत्राविषयी मोकळेपणाने बोलावे, आणि तेही अवघड वाटत असेल तर दरमहा रक्कम पाठवण्याचीच वाट धरावी.