टोळी निघण्याआधी: हंगामी वसतिगृह, कारखान्याजवळची शाळा की निवासी शाळा?

पोळा झाला की आमच्या गावात ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांच्या मोटारसायकली दिसायला लागतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, बहुतेकांनी आधीच घेतलेली असते, आता जोड्या मोजायच्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. पोरं या हिशेबात कुठंच नसतात. त्यामुळे पोरांचं काय करायचं हे ठरतं शेवटच्या रात्री, ट्रक दारात उभा असताना, भांडीकुंडी चढवता चढवता.

बालाघाटाच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सतरा वर्षं शिकवतोय. हे लिहितोय ते त्या रात्रीच्या आधी वाचलं जावं म्हणून. ज्यांच्या घरातून भाऊ-भावजय ऊसतोडीला निघालेत त्यांच्यासाठी, नातवंडं ठेवून घ्यावीत का या विचारात असलेल्या आजी-आजोबांसाठी, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सही करणाऱ्या प्रत्येकासाठी.

आधी एक हिशेब. साखर कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. शाळा जूनमध्ये भरते. म्हणजे सोबत गेलेल्या मुलाचं दुसरं सत्र जवळपास सगळंच बुडतं. एक वर्ष बुडालं तर आम्ही उन्हाळ्यात बसून भरून काढू शकतो. लागोपाठ तीन वर्षं बुडालं की पाचवीतलं पोर जोडाक्षरापाशी अडतं आणि मग लाजेनं वर्गात यायचंच टाळतं. त्यात पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर पुन्हा तोच वर्ग.

गावातलं हंगामी वसतिगृह

आई-बाप ऊसतोडीला जातात, मूल गावात राहतं आणि शाळाच त्याचं सकाळ-संध्याकाळचं जेवण बघते. दुपारी पोषण आहार असतोच. समग्र शिक्षातून पैसे येतात, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी शाळा करते, व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती बघते आणि स्वयंपाक गावातल्याच बाया करतात. गावाची अडचण ओळखून शाळेनं स्वतःचं कामच बदलावं, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

संध्याकाळी सातला आमच्याकडे या. भाकरी-पिठलं झालेलं असतं, ताटं धुऊन पालथी घातलेली असतात, आणि पोरं माझ्या फोनभोवती गोळा होतात. तिकडे आई उसाच्या फडावरून कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आलेली असते, इकडे स्पीकर चालू. "जेवलास का?" हा पहिला प्रश्न. दुसरीतला एक मुलगा रोज हाच प्रश्न आईला उलटा विचारायचा आणि तिनं "व्हय, खाल्लं" म्हटलं की मगच झोपायला जायचा. आई-बाप नसल्याची भरपाई होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्याच मुलानं एप्रिलमध्ये आईला अख्खी लग्नपत्रिका वाचून दाखवली.

आता उणी बाजू. पुष्कळ ठिकाणी हे नावाला वसतिगृह असतं, खरं म्हणजे फक्त जेवण. झोपायला मूल आजीच्या घरी जातं. म्हणजे सगळा भार आजीवर. आजीला डोळ्यांनी नीट दिसत नसेल, आजोबा अंथरुणावर असतील, तर पोरच त्यांना सांभाळायला लागतं. दुसरी अडचण पैशाची. एका वर्षी आमची मंजुरी आली तोवर नाताळ उलटून गेला होता. किराणावाल्यानं उधारीवर डाळ-तांदूळ दिले, बचत गटाच्या बायकांनी घरचं पीठ आणलं, आणि त्या तेवढ्यावर आम्ही दोन महिने रेटले. तरी "वसतिगृह काही होत नाही" अशी आवई उठल्यामुळे अकरा मुलं आधीच टोळीबरोबर निघून गेली होती. त्यातली दोघं परत शाळेत आलीच नाहीत. त्यांची नावं हजेरीत पुढची दोन वर्षं मी खोडली नव्हती.

कारखान्याजवळची शाळा

पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत, त्यातल्या कितीतरी स्वयंसेवी संस्थांनी उभ्या केलेल्या. २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर वेगळ्या शाळेपेक्षा मुलाला जवळच्या नियमित शाळेतच बसवायचं, यावर भर आला. कायदा इथं तुमच्या बाजूनं आहे. वर्षाच्या मधेच गेलात तरी प्रवेश द्यावा लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. जाताना आमच्याकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. मूल कितवीत आहे, काय येतं, काय येत नाही, हे त्यावर असतं. परतताना तिकडच्या गुरुजींकडून तेच कार्ड भरून आणा.

पण ही वाट चालेल की नाही, हे कार्डापेक्षा तुमची टोळी कसली आहे यावर ठरतं. पालकांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. गाडी सेंटरची, म्हणजे बैलगाडीवाली टोळी असेल, तर तळ हंगामभर कारखान्याजवळ एकाच जागी असतो. शाळा ठरते, बाई ओळखीच्या होतात, मूल रुळतं. ट्रक-ट्रॅक्टरची टोळी असेल तर ऊस जिथं तयार, तिथं कोप्या. पंधरा दिवस या गावात, महिनाभर त्या गावात. अशा मुलाला हंगामात तीन शाळा दाखवल्या तरी तो एकाही वर्गाचा होत नाही.

एका जानेवारीत मी सातारा जिल्ह्यात आमच्या मुलांना भेटायला गेलो होतो. शाळा चांगली होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी तळावर स्वतः जाऊन नावं लिहून आणली होती, पुस्तकं दिली होती. पण आमची चौथीतली मुलगी मला वर्गात भेटली नाही, तळावर भेटली. कडेवर दहा महिन्यांचा भाऊ, चुलीवर चहा, शेजारी दप्तर नीट कापडात गुंडाळून ठेवलेलं. आई पहाटे चारला फडात गेली की बाळाला सांभाळणार कोण? ती म्हणाली, "सर, पावसानं तोड बंद असली की मी जाते." सोबत नेलेली थोरली मुलगी ही घरासाठी पाळणाघर होते, आणि त्यात आईची चूक काढायची माझी हिंमत नाही. अंगणवाडी तळापर्यंत आली तरच त्या मुलीची शाळा सुरू होईल. म्हणून घरात तान्हं मूल असेल तर "तिकडं शाळा आहे ना" एवढ्यावर विसंबू नका. शाळा आहे, पण थोरल्या मुलीला सवड नाही.

आणखी एक. टोळी कर्नाटकातल्या कारखान्याला जात असेल तर जवळच्या शाळेत कन्नड शिकवत असण्याची शक्यता मोठी. पाच महिन्यांसाठी लिपी बदलणं लहान मुलाला झेपत नाही. अशा वेळी मूल मागे ठेवण्याचीच सोय बघा.

मग ही वाट कोणासाठी? गावात सांभाळणारं कुणीच नाही, मूल पहिली-दुसरीतलं आहे, टोळी गाडी सेंटरची आहे आणि कारखाना महाराष्ट्रात आहे. हे सगळं जुळत असेल तर बिनधास्त न्या. सहा-सात वर्षांच्या पोराला आईजवळ असण्याचीही गरज असते.

निवासी शाळा

आश्रमशाळा, मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, आणि २०२१ साली मंजूर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेतली शासकीय वसतिगृहं. इथं राहणं-खाणं वर्षभर, आणि शाळा तिथंच किंवा जवळपास. मुख्य गोष्ट म्हणजे धावपळ जूनमध्येच करावी लागते. दिवाळीत विचारायला गेलात तर जागा भरलेल्या असतात. शाळेत जाऊन स्वतः बघा: मुलींच्या खोल्यांजवळ रात्री बाई मुक्कामाला असतात का, संडासाला कडी आहे का, पाणी कुठून येतं.

सहावीच्या पुढच्या मुलींसाठी माझं मत ठाम आहे: निवासी शाळाच. या वयाची मुलगी तळावर असुरक्षित, ही भीती आई-बापांना असते, ती खोटी नाही. आजीकडे एकटी ठेवायचीही भीती असते. या दोन भीतींमधून तिसरी वाट निघते ती लग्नाची. लग्न झालं की नवा कोयता होतो. माझ्या वर्गातल्या मुली अशा गेलेल्या मी पाहिल्यात. त्यांपैकी एक पुढच्याच हंगामात नवऱ्याबरोबर त्याच ट्रकमध्ये होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आणखी चार वर्षं कुलपाआड सुरक्षित ठेवणारी आणि सोबत दहावी-बारावी देणारी जागा मिळत असेल, तर अंतर, एस.टी.चं भाडं, आठवण येणं, हे सगळं सोसण्यासारखं आहे.

मुलग्यांबाबत मी इतका ठाम नाही. आजी-आजोबा धडधाकट असतील, तर तिसरी ते सातवीच्या मुलाला गावातलं वसतिगृह बरं. तो आपल्या वर्गात, आपल्या मास्तरांपाशी राहतो, आणि गाव त्याच्यावर नजर ठेवतं.

हे जे गाव नजर ठेवतं म्हणालो, ते आपोआप होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. आमच्याकडे अडचण अशी की ते पालकच नोव्हेंबरात ऊसतोडीला जातात, आणि वसतिगृह चालू असताना बैठकीला कोरम होत नाही. म्हणून आम्ही गावात राहणाऱ्या पालकांतले, विशेषतः बायकांमधले सदस्य जास्त घेतो. तुमच्या गावात समिती बनत असेल तर एवढं आवर्जून बघा.

तारखा सांगतो. निवासी शाळेचा अर्ज मे-जूनमध्ये. वसतिगृहासाठीच्या यादीत नाव गणपतीच्या आसपास. गुरुजी घरी आले नाहीत तर तुम्ही शाळेत जा, आणि यादीत मुलाचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हमी कार्ड घटस्थापनेपर्यंत हातात हवं. आणि मुकादमाला विचारायचा प्रश्न उचल घ्यायच्या वेळीच विचारा: टोळी गाडीची की ट्रॅक्टरची, आणि कारखाना कुठला.