१०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळ-माशांची काचेची टाकी) काढून ४३२ लिटरचा लावला, आठ महिन्यांनंतर लिहितोय

घ्यायच्या आधी ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, मोठा टँक सोपा असतो, पाणी जास्त म्हणजे चुका पचतात. आठ महिने झाले, आता मी म्हणेन हे अर्धंच खरं आहे. चुका पचत वगैरे नाहीत, फक्त उशिरा कळतात, आणि कळल्यावर निस्तरायला पण तेवढाच वेळ खातात.

टँक १२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटर, काच १२ एमएम, खाली संप, म्हणजे फिल्टर आणि पंपाची दुसरी टाकी, त्यात चालू असताना ७० लिटर पाणी राहतं. आधीचा १०० लिटरचा चार वर्षं चालवला, संप नाही काही नाही, मागे लटकवलेला स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि दर रविवारी एक बादली पाणी बदललं की विषय संपला. त्यातला हॅमर कोरल (एक प्रवाळ) दोन हेडचा, म्हणजे दोन तोंडांचा, आणला होता तो अकरा हेडचा झाला आणि रात्री शेजारच्या झोआंना (फुलांसारखे छोटे प्रवाळसदृश जीव) चटके द्यायला लागला, झोआ मिटून बसायचे. मोठा घ्यायचं खरं कारण एवढंच. यलो टँग माशाला जागा हवी वगैरे घरी सांगायला.

वजनाचा हिशोब आधी करा हां. पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड धरून माझं साडेसहाशे किलोच्या आसपास जातं, त्यामुळे मधल्या भिंतीला न लावता बीमच्या बाजूला घेतला. शिफ्टिंग एका दिवसात उरकलं. जुनी वाळू मात्र अजिबात नेली नाही, आणि बरं केलं, कारण तळाशी काळा थर निघाला आणि सडक्या अंड्याचा असा वास सुटला की आईने सगळ्या खिडक्या उघडल्या. जुने लाइव्ह रॉक (उपयोगी बॅक्टेरिया वसलेले दगड) सगळे नेले, तेवढेच नवीन कोरडे दगड टाकले. जुन्या दगडांमुळे विषारी अमोनिया दिसलाच नाही, मी खूश, म्हटलं झालं काम.

पहिला दणका तिसऱ्या आठवड्यात. रात्री लाइट गेली आणि सकाळी उठलो तर पाय ओल्यात. रिटर्नचं, म्हणजे संपमधलं पाणी परत वर टाकणाऱ्या पाइपाचं, नोझल पाण्याच्या पातळीच्या ४ सेंटिमीटर खाली होतं, पंप बंद पडला की त्याच पाइपातून पाणी उलटं सायफन होऊन संपमध्ये येतं, जोपर्यंत नोझल उघडं पडत नाही तोपर्यंत. १२० बाय ६० च्या टँकमध्ये १ सेंटिमीटर म्हणजे ७.२ लिटर, म्हणजे जवळजवळ २९ लिटर, वर ओव्हरफ्लो बॉक्स (जिथून पाणी खाली संपमध्ये सांडतं तो कप्पा) आणि पाइपातलं वेगळंच, आणि संपमध्ये मोकळी जागा होती २० ची. बाकीचं सगळं फरशीवर. हे गणित मी भरायच्या दिवशी पाच मिनिटांत करू शकलो असतो, केलं नाही. आता नोझल १ सेंटिमीटरवर आणलंय आणि पाण्याच्या रेषेखाली लगेच एक छोटं भोक पाडलंय, हवा शिरली की सायफन तुटतो. ते भोक मधूनमधून साफ करावं लागतं, एकदा एक गोगलगाय बरोब्बर तिथेच चिकटून बसली होती. चेक व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) भरवशावर राहू नका, त्यात कचरा अडकतो. टँक नवीन असेल तर दिवसाढवळ्या स्वतः पंप बंद करून बघा, म्हणजे कळेल.

आता डायनोंबद्दल (डायनोफ्लॅजेलेट, शेवाळासारखे सूक्ष्म जीव), कारण सगळ्यात जास्त डोकं यातच गेलं. दुसऱ्या महिन्यात तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) आले, ते येतातच, जातातही. पण मी काय केलं, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य (ही शेवाळाची खतं) दिसायला लागलं म्हणून फुशारकी मारत बसलो, वर फॉस्फेट काढायचा फिल्टरमधला मीडिया तसाच चालू ठेवला, डायनोंना नेमकं हेच हवं होतं. मग वाळूवर तपकिरी चिकट थर, त्यातून शेंबडासारखे धागे वर लोंबणारे आणि धाग्यांच्या टोकाला बुडबुडे. सकाळी कमी, संध्याकाळी टँकभर. टर्बो गोगलगायी एकेक करून उलट्या पडायला लागल्या. लहान मुलांचा मायक्रोस्कोप घेऊन एक थेंब बघितला तर अश्रूच्या थेंबासारखे एका बाजूला निमुळते जीव, एका टोकाला बांधल्यासारखे जागच्या जागी गरगर फिरत होते, म्हणजे ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोंचाच एक प्रकार. हे रात्री पाण्यात तरंगायला निघतात म्हणून त्यांना मारायला यूव्हीचा दिवा लावला, मीडिया काढून टाकला, पाणी बदलणं पूर्ण थांबवलं, माशांना जरा हात सैल सोडून खायला घातलं, आणि नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास आल्यावर कुठे ते हटले. सहा आठवडे गेले. जुन्या टँकमध्ये शून्य कधी दिसलंच नव्हतं, तो मळकट होता म्हणून सुखात होता बहुतेक.

तापमान मात्र मस्त. आधी दुपारपर्यंत दोन डिग्री चढायचं, आता अर्धी. हीटर एक मोठा न लावता दोन छोटे लावलेत, एक अडकून चालूच राहिला तरी टँक उकळू नये म्हणून. रोज ५ लिटर पाणी उडतं, ते आरओडीआयच्या (क्षार काढलेल्या शुद्ध) पाण्याने भरायचं, मीठ उडत नाही हे नव्या लोकांना दहादा सांगावं लागतं. आणि संप असला की वरची पातळी हलतच नाही, सगळी घट रिटर्न पंपाच्या कप्प्यात दिसते, टॉपअपचा (भर घालायच्या पाण्याचा) कॅन रिकामा झाला की दीड दिवसात पंप घरघरायला लागतो. तोच माझा अलार्म.

अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच हे तिचं माप) ८.५ डीकेएचवर धरायचा प्रयत्न असतो. १ डीकेएच वाढवायला १०० लिटरला ३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे जुन्या टँकला चमचाभरसुद्धा लागायचं नाही, इथे १३ ग्रॅम तोलून घ्यायचं आणि तेही एकदम टाकायचं नाही. डोझिंग पंप (हे थोडं थोडं आपोआप टाकणारा) पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता, पाचव्या महिन्यात घेतला.

१० टक्के पाणी बदलायचं म्हणजे ४५ लिटर, पावणेदोन किलोच्या जवळपास मीठ, रात्रभर ढवळत ठेवायचं. पहिले दोन महिने बादल्यांनी केलं, कंबर गेली. आता पंप आणि पाइप.

मासे सगळे जगले. क्लाउन माशांच्या जोडीची गंमत सांगतो, एवढा टँक दिला तरी पंधरा दिवस ती दोघं डाव्या कोपऱ्यात जुन्या टँकएवढ्याच जागेत फिरत होती, जणू मध्ये काच आहे. मग एक दिवस मादी उजवीकडे गेली, मागून तो गेला, आणि आता माझा हात कुठेही आत गेला की ती येऊन चावते. यलो टँग सहाव्या महिन्यात सोडला, आधी वेगळ्या टाकीत क्वारंटाइन करून. दिवसभर दगड खरवडत असतो, हिरवं शेवाळ जवळजवळ संपलंय.

पुढच्या महिन्यात अ‍ॅक्रोपोराचा (हा नाजूक प्रवाळ) एक छोटा तुकडा टाकून बघणार आहे. त्याआधी हॅमर कापायचाय, चौदा हेड झालेत आणि डावीकडची दोन परत झोआंकडे सरकलीत.