नारळावर पाणी बघणाऱ्या अण्णांचं दोन दिवसांचं शेतशिबिर : आमचा अनुभव

सासवडच्या पुढे वीसेक मिनिटांवर एका शेतावर दोन दिवसांचं निवासी शिबिर करून आलो. माणशी ३५०० रुपये, राहणं-जेवण-चहा सगळं धरून. नाव टाकत नाही कारण बोर्डच नाही त्यांचा, ओळखीतनं ओळखीत चालतं आणि अण्णांना गर्दी नकोय.

आम्ही का गेलो ते आधी सांगतो. भोरकडे आमचा पाऊण एकराचा तुकडा आहे, तिथे बोअर घ्यायचीय, आणि गेले सहा महिने घरात एकच भांडण, बायको म्हणते चांगला पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा, बघू आणि मी म्हणतो मशीनवाला आणू. माझी सगळी नोकरी भोसरीत क्वालिटी कंट्रोलमधे गेली, त्यामुळे कोणी छातीठोक काही सांगितलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, रेकॉर्ड दाखवा. तर कोणीतरी म्हणालं की हे अण्णा नारळावर पाणी बघतात पण वहीसुद्धा ठेवतात. वही म्हटल्यावर मी तयार.

स्वर्गेटहून एसटीने गेलो. दिवेघाटात बायकोने हात जोडले, पालखीची वाट आहे ना ती. मी खिडकीतनं कातळाचे थर बघत होतो. असं आमचं चालतं.

पहिला दिवस वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या मंडळींचा, आणि खरं सांगायचं तर पैसे तिथेच वसूल झाले. चार गाई आहेत, रोजचं साधारण ४० किलो शेण, त्यावर दोन घनमीटरचा गोबरगॅस. हिशोब त्यांना तोंडपाठ, २५ किलो शेणाला एक घनमीटर गॅस धरा, आणि एक घनमीटर म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम सिलेंडरचा गॅस. म्हणजे महिन्याला दीड सिलेंडर सुटतो, पण थंडीत जिवाणू सुस्तावतात तेव्हा गॅस कमी, मग चूल आहेच. एवढं सरळ कुठल्याच माहितीपत्रकात वाचलं नव्हतं. उष्टं-खरकटं घालून चालणारा छोटा प्लांट आपल्या पुण्यातल्या आरती संस्थेने, आनंद कर्व्यांच्या, पुढे आणला आणि त्याला २००६ मधे ॲश्डेन पुरस्कार मिळाला, ते मला माहीत होतं म्हणून विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "आमच्यात उष्टं उरतंय कुठं, गाई खात्यात की." विषय संपला.

मग त्यांनी पेव दाखवलं. जमिनीत खणलेलं, वरचं तोंड माणूस उतरेल एवढंच, पूर्वी ज्वारी साठवायचे. "पेव फुटलंय" हे आपण जन्मभर बोलतो आणि मी पेव बघितलं वयाच्या साठाव्या वर्षी! शिडीने खाली उतरलो. (आधी कंदील सोडून बघतात, कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो.) वर जानेवारीतली थंडी आणि आत ऊब. काही फूट खाली गेलं की मातीला वरच्या ऋतूंचं फारसं काही कळत नाही, विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं ते यामुळेच. जमिनीतली ऊर्जा म्हणतात ती ही असेल तर माझी शंभर टक्के श्रद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ. शेंडी पुढे करून तळहातावर आडवा ठेवायचा आणि अनवाणी चालायचं, पाणी आलं की नारळ उभा राहतो. अण्णा चालले, उंबरापाशी नारळ उभा. बायकोच्या अंगावर काटा. मी म्हटलं अण्णा, रागावू नका, एक टेस्ट करू? जर्मनीत कासेलला १९९० साली तीस पाणाड्यांची अशीच परीक्षा झाली होती, पुरलेल्या पाइपात पाणी वाहतंय की नाही एवढंच ओळखायचं होतं, आणि निकाल अंदाजपंचे सांगण्याच्या वर गेला नाही. अण्णा म्हणाले, "करा की साहेब, वहीत लिवू."

ठिबकची मेन लाइन अंगणातनं जाते. वहिनी गोठ्यामागे कॉकपाशी, नाणं उडवून छापा आला तर चालू, काटा आला तर बंद, आणि आम्हाला कोणालाच दिसत नाही, मलाही नाही, कारण मला कळलं तर माझ्या चेहऱ्यावरनं त्यांना कळणार. वीस वेळा केलं. अकरा बरोबर. नुसतं नाणं उडवून सांगितलं असतं तरी दहाच्या आसपास आले असते. अण्णांनी मान हलवली आणि वहीत तारीख घालून लिहिलं, २० पैकी ११. तोंड पाडलं नाही की आज ग्रहमान बरोबर नाही असंही म्हणाले नाहीत. आणि मला तरी ते लबाडी करताना वाटले नाहीत. मनात अपेक्षा असली की हात नकळत हलतो, कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ सालीच हे मांडलंय.

आता गंमत अशी की उघड्या डोळ्यांनी रानात हा माणूस भलताच तरबेज आहे. उंबर कुठे, वारूळ कुठे, मार्चमधे गवत कुठे हिरवं राहतं, शेजारच्या विहिरींना किती फुटांवर लागलं, सगळं डोक्यात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पाणी शोधण्यावर आख्खा अध्याय आहे, दकार्गल नावाचा, जांभळीच्या पूर्वेला वारूळ असेल तर दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी असलं काय काय त्यात. सगळं खरं असेलच असं नाही, पण बघून बघून लिहिलेलं आहे. आपल्याकडे खाली काळा कातळ, त्यात पाणी असतं ते भेगांत आणि कुजलेल्या मुरुमात, त्यामुळे दहा फूट इकडेतिकडे झालं की एक बोअर कोरडी आणि दुसरीला दीड इंची पाणी. मशीनवालाही जमिनीत चार खुंट्या ठोकून करंट सोडतो आणि अडथळा मोजतो, पाणी दिसत त्यालाही नाही.

वही मी रात्री बसून वाचली. चौदा बोअर. नारळावर नऊ, पाचला पाणी. मशीनवर पाच, तिघांना पाणी. बायको लगेच, बघा, सारखंच आलं! मी म्हटलं यात एक रकाना कमी आहे, ओढ्याकाठच्या त्याच पट्ट्यात कोणीही कुठेही भोक पाडलं असतं तर किती लागल्या असत्या? अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, नारळ घ्यायच्या आधी डोळ्यानं काय वाटतं तेपण लिहीन. हे मला फार आवडलं, पण मीच सुचवलेलं असल्यामुळे आवडलं असेल ही शक्यता धरून चाला.

पाणी सापडलं तरी पुढे काय, यावरही ते बोलले. १९७२ च्या दुष्काळानंतर याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी, ते पुण्याचे इंजिनिअर, देवस्थानची ४० एकर उजाड जमीन घेऊन पाणलोटाचं काम केलं आणि त्यातनं पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीवर नाही, माणसावर, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, भूमिहीनालाही हिस्सा, ऊस बंद. अण्णांच्या तिसऱ्या बोअरला पाणी लागलं तेव्हा शेजाऱ्याची उतरली, हेही वहीत आहे. म्हणून आता दिवसाआड मोटर.

आता तक्रारी. दुपारी एक पाहुणे आणले होते, तांब्याच्या काड्या घेऊन "भूऊर्जा तज्ज्ञ". दर दोन-अडीच मीटरवर घातक रेषा असतात, त्यावर झोपलं की आजार, आणि उपाय त्यांच्या बॅगेतच, पिरॅमिड. अहो, डबल बेडच जवळजवळ दोन मीटरचा, कुठेही सरकवला तरी रेघ लागणारच ना! वीस वेळा टेस्ट करू म्हटलं तर तज्ज्ञांना एकदम गाडी आठवली. बायकोनेसुद्धा काही घेतलं नाही. अण्णांनी हा भाग काढून टाकावा, त्यांना शोभत नाही.

संडास एकच आणि लांब, रात्री बॅटरी न्या. गाद्या पातळ. अंघोळीला बंबाचं पाणी, ते मात्र झकास. पिठलं, बाजरीची भाकरी, खर्डा, मटारची उसळ, यात नाव ठेवायला जागा नाही.

निघताना बायकोने विचारलं, इतकं कळूनही नारळ घेता कशाला हो? अण्णा म्हणाले, खड्डा काढायच्या आधी जमिनीच्या पाया पडावं वाटतं, हात रिकामा बरा नाही दिसत. मागून वहिनी, "आन् नाय फिरला तर चटनीला येतोय."

माझे साडेतीन स्टार, बायकोचे पाच, संडासाचा एक वजा करून चार. भोरला अण्णा पुढच्या महिन्यात येतायत आणि मशीनवालाही त्याच दिवशी. दोघांना एकमेकांच्या खुणा दाखवायच्या नाहीत एवढं घरात ठरलंय, नारळ कोणी आणायचा ते अजून ठरायचंय.