टो-बार लावलेली जुनी गाडी घेताय? आधी हे वाचा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनो, जुनी गाडी घेण्याआधी हे जरूर वाचा.

गणपतीत मंडळाचे ढोल, मखर आणि मंडपाचे पाइप न्यायला बिनब्रेकचा छोटा ट्रेलर लागतो. तो ओढेल अशी गिअरची छोटी हॅचबॅक मी शोधत होते. एका गाडीला टो-बार, म्हणजे मागे ट्रेलर जोडायचा दांडा, लावलेला होता. विकणाऱ्याने 'हजार किलो आरामात ओढते' असं मेसेजमध्ये लिहून दिलं. नोंदणीपत्रावर दुसरंच नाव होतं, त्यावर 'बहिणीची गाडी आहे' म्हणाला.

डर्बीशायरच्या चढावर, पहिल्याच फेरीत, जळका वास सुटला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. क्लच गेला होता. गॅरेजवाला म्हणाला, एका फेरीत एवढी झीज होत नाही, तो आधीच संपत आला होता.

मग त्याने मला गाडीवरची व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी दाखवली. तिच्यावरचा पहिला आकडा म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, दुसरा म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून. दुसऱ्यातून पहिला वजा केला की ट्रेलर किती जड चालेल ते कळतं. आमच्या पट्टीवर दुसरा आकडाच नव्हता! म्हणजे ही गाडी ट्रेलरसाठी बनवलेलीच नाही. टो-बारवर मान्यतेचा शिक्काही नव्हता. मागे सामान, आत मुलं, आणि अपघात झाला असता तर विमा कंपनीनेही हात वर केले असते. याचा मला अजून संताप येतो.

शिवाय बिनब्रेकच्या ट्रेलरला इथे कायद्याने ७५० किलो किंवा रिकाम्या गाडीच्या वजनाच्या निम्मं, यांतलं जे कमी असेल तेवढीच मुभा आहे. हजार किलोची थाप तिथेच उघडी पडते.

विकणाऱ्याच्याच फोन नंबरवर इतर गाड्यांच्या जाहिरातीही सापडल्या. तो धंदेवाईकच आहे. धंदेवाल्याकडून घेतलेली सदोष गाडी २०१५ च्या ग्राहक कायद्यानुसार ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, म्हणून हे लोक घरगुती विक्रीचं सोंग घेतात. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार केली आहे, आणि मेसेज जपून ठेवल्यामुळे कोर्टात दावाही लावता आला. निकाल यायचाय.

तुम्ही अशी गाडी बघायला निघण्याआधी त्या पट्टीचा फोटो मागवा. टाळाटाळ झाली तर जाऊच नका.