लेझर आला, तरी साबणाचं पाणी सुटलं नाही

चाकणच्या आमच्या कारखान्यात भट्ट्यांना पीएनजी, म्हणजे पाइपने येणारा नैसर्गिक वायू (मुख्यतः मिथेन) येतो आणि गळती शोधणं मेंटेनन्सच्या, म्हणजे आमच्या गळ्यात. आठ महिन्यांपूर्वी हातात धरायचा लेझर कॅमेरा मिळाला. किरण फिरवत जायचं. मिथेन असेल तिथे पडद्यावरच्या चित्रात रंगाचा डाग उमटतो.

खरा फायदा वरच्या लायनींना. शेडच्या छताखाली सात-आठ मीटरवर पाइप आहेत. पूर्वी परमिट, शिडी, हार्नेस यातच अर्धी पाळी जायची. आता खालूनच सगळ्या फ्लँज, म्हणजे पाइपांचे जोड, बघून होतात. किरण काचेतूनही जातो, म्हणून मीटर रूमचं दार उघडण्याआधी खिडकीतून आत बघतो. एवढ्या एका कामासाठीही मी हे यंत्र घ्यायला सांगेन.

आकड्याने मात्र सुरुवातीला आम्हाला पळवलं. तो पीपीएम-मीटरमध्ये येतो, म्हणजे वायूचा दाटपणा (पीपीएम, दहा लाखांत किती भाग) गुणिले किरणाच्या वाटेतली त्याची लांबी. 1000 दिसलं तर दहा मीटर पसरलेला 100 पीपीएमचा विरळ वायू असेल, नाहीतर दोन सेंटिमीटरच्या झोतात 50,000 पीपीएम, म्हणजे 5 टक्के. मिथेन तिथूनच पेट घेऊ शकतो. यंत्राला दोन्ही सारखेच! आता दोन-तीन बाजूंनी किरण टाकतो. डाग त्याच जोडावर राहिला तरच शिडी, आणि वर गेल्यावर जोडाला साबणाचं पाणी लावायचं; शिक्कामोर्तब फुग्यांचंच.

किरण आपटून परत यायला मागे भिंत किंवा पाइप हवा. आभाळाकडे रोखून उपयोग नाही. मॅनकूलर (कामगारांसाठीचे मोठे पंखे) चालू असले की डाग भलतीकडेच वाहतो, म्हणून फेरी पाळी बदलताना मारतो. बॅटरीची तक्रार नाही.

एकदा कँटीनच्या मावशींनी हाक मारली, "दादा, वास येतोय, तुमचं ते लावून बघा की." यंत्र ढिम्म. लेझर मिथेनसाठी, 1.65 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास बांधलेला, सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन. हे मला माहीत होतं, तरी सवयीने यंत्रच उचललं. शेगड्या विझवल्या, दारं उघडली, कुठल्याही बटणाला हात लावू दिला नाही. साबणाचं पाणी लावल्यावर रबरी नळीच्या टोकाशी फुगे आले.

"एवढ्या महागाच्या यंत्रापेक्षा माझं नाक बरं," मावशी म्हणाल्या.

यंत्राच्या पेटीवर आता मार्करने लिहिलंय : फक्त पीएनजी.